बाळंतपणात ओटीपोटाचे सांधे दुखावले तर: पहिल्या दिवसापासून पुन्हा नीट चालेपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

बाळंतीण पलंगावर कूस बदलताना किंचाळते, संडासला जायला दोघींचा आधार घेते, आणि घरात सगळे म्हणतात, "बाळंतपणात कंबर भरतेच, सव्वा महिन्यात होईल नीट." अशा बायका माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात तेव्हा बहुतेकींना पाचवा-सहावा आठवडा लागलेला असतो. तोवर पट्टा बांधून झालेला असतो, पण पोटावर. मालिश रोज चालू असते, पण पाय फाकवून. व्यायामही सुरू असतो, पण नेमका तो, जो सगळ्यात शेवटी करायचा. घरच्यांनी कष्ट कमी घेतलेले नसतात. क्रम उलटा झालेला असतो.

बरोबर क्रम असा आहे: आधी धोक्याच्या खुणा तपासायच्या. मग कोणता सांधा दुखावलाय ते ओळखायचं. मग त्या सांध्याला बाहेरून आधार द्यायचा आणि रोजच्या हालचाली बदलायच्या. मग स्नायूंना ताकद द्यायची. ताणाचे व्यायाम, मांडी, उकिडवं बसणं आणि जड कामं या सगळ्यानंतर.

## नेमकं कुठे दुखावतं

ओटीपोटाच्या हाडांचं एक कडं असतं आणि ते तीन ठिकाणी सांधलेलं असतं. पुढे, बेंबीच्या सरळ खाली हात नेला की जे हाड लागतं, तिथे सिम्फिसिस. मागे, कमरेखाली दोन्ही बाजूंना खळ्या दिसतात तिथे दोन एसआय (सॅक्रोइलियाक) सांधे. त्याशिवाय कण्याचं शेवटचं टोक म्हणजे माकडहाड, त्याचाही सांधा असतो.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे या सांध्यांचे अस्थिबंध, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, सैल होतात. सिम्फिसिसमधली फट एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते, गरोदरपणात ती आणखी २ ते ३ मिलिमीटर वाढते, आणि यात काही बिघडलेलं नसतं. फट १० मिलिमीटरच्या पुढे गेली की त्याला डायस्टॅसिस म्हणतात, म्हणजे सांधा उकलला. बाळ मोठं असणं, प्रसूती फार झपाट्याने होणं, बाळ बाहेर काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागणं, बाळाचा खांदा अडकल्यामुळे आईच्या मांड्या पोटाकडे जोराने दाबाव्या लागणं, ही त्याची नेहमीची कारणं. एपिड्युरल, म्हणजे कळा कळू नयेत म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन, दिलेलं असेल तर पाय किती फाकले गेले हे आईला त्या वेळी कळतही नाही.

सिझेरियन झालेल्या बायकांनी हा लेख बाजूला ठेवू नये. अस्थिबंध नऊ महिन्यांत सैल झालेले असतात, त्यामुळे एसआय सांध्याचं दुखणं त्यांनाही होतं.

## टप्पा १: आधी धोक्याच्या खुणा तपासा

पट्टा, शेक, व्यायाम यांतलं काहीही करण्याआधी खालची यादी वाचा. यातलं एक जरी लागू असेल तर घरी वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

- ताप किंवा थंडी वाजून येणं, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी. सांध्यात किंवा हाडात जंतुसंसर्ग असू शकतो.
- एका पोटरीत दुखणं, सूज, गरमपणा. किंवा अचानक धाप लागणं, छातीत दुखणं. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, आणि दुखण्यामुळे पडून राहिलं तर तो आणखी वाढतो.
- लघवी तुंबणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा.
- पाऊल वर उचलता न येणं, चालताना चप्पल घासत जाणं.
- पुढच्या हाडावर मोठी सूज किंवा काळंनिळं होणं, प्रसूतीच्या वेळी 'कट्' असा आवाज झालेला असणं, आणि त्यानंतर पायावर उभंच राहता न येणं.

धाप किंवा छातीत दुखणं असेल तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

इथे होणारी चूक: लघवी होत नाही हे लाजेने न सांगणं. हाड दुखतं म्हणून बायका उठायचं टाळतात, पाणी कमी पितात आणि मूत्राशय भरून ताणलं जातं. प्रसूतीनंतर सहा तासांत लघवी झाली नसेल तर ते सिस्टरला सांगायचंच.

## टप्पा २: कोणता सांधा, ते ओळखा

"कंबर दुखते" एवढ्यावर डॉक्टरांना फार काही कळत नाही. बोट ठेवून दाखवा.

दुखणं पुढे, दोन्ही जांघांच्या मधोमध असेल, पाय फाकवताना, जिना चढताना, सलवार घालायला एक पाय उचलताना कळ येत असेल, तर सिम्फिसिस. त्या हाडावर बोटाने हलकेच दाबा आणि सोडा. बोट काढल्यावरही पाच सेकंदांहून जास्त कळ राहिली तर संशय पक्का होतो. दुखणं मागे, खळीपाशी, एका किंवा दोन्ही बाजूंना असेल आणि कूस बदलताना, फार वेळ उभं राहिल्यावर वाढत असेल, तर एसआय सांधा. बसताना आणि बसून उठताना अगदी खाली टोकाशी टोचत असेल तर माकडहाड. दुखणं कमरेच्या वरच्या भागात असेल किंवा गुडघ्याखाली पावलापर्यंत मुंग्या येत असतील तर कारण कण्यात असू शकतं. मग हा लेख सोडून आधी डॉक्टरांना दाखवा.

आता पाय उचलून पाहण्याची चाचणी. ही मी प्रत्येकीला शिकवते, कारण पुढचा सगळा उपचार बरोबर चाललाय की नाही ते हीच सांगते.

१. उताणं झोपा, पाय सरळ, दोन पावलांत साधारण वीतभर अंतर.
२. गुडघा न वाकवता एक पाय वीतभर वर उचला आणि खाली ठेवा. मग दुसरा.
३. प्रत्येक पायाला ० ते ५ गुण द्या. सहज उचलला तर ०, अजिबात उचलला गेला नाही तर ५.
४. आता घरातल्या कुणाला तरी दोन्ही खुब्यांवर बाहेरून तळहात ठेवून आत हलकेच दाबून धरायला सांगा. पुन्हा पाय उचला.

दाबून धरल्यावर पाय सोपा उचलला गेला, तर तुमच्या सांध्यांना बाहेरून आधार हवा आहे आणि पट्ट्याचा उपयोग होणार आहे. काहीच फरक पडला नाही किंवा दुखणं वाढलं, तर पट्टा विकत घेण्याआधी तपासणी करून घ्या. गुण वहीत तारखेसह लिहा. पाय उचलताना पुढच्या हाडात असह्य कळ आली तर चाचणी तिथेच थांबवा, ५ गुण लिहा.

## टप्पा ३: डॉक्टरांकडे काय विचारायचं

स्त्रीरोगतज्ज्ञ टाके आणि गर्भाशय बघतात, हाडांचा विषय आपण काढला नाही तर तो राहून जाऊ शकतो. म्हणून जाताना कागदावर लिहून न्या: दुखणं कधी सुरू झालं, कुठे, पाय उचलण्याचे गुण, आणि प्रसूतीत चिमटा-व्हॅक्यूम लागलं होतं का.

पुढचं हाड उकलल्याचा संशय असेल तर साधा एक्स-रे पुरतो. एक्स-रेने दूध खराब होत नाही, बाळाला पाजणं एका वेळेपुरतंही थांबवावं लागत नाही. ही भीती घराघरात आहे आणि तिच्यामुळे तपासणी लांबते. रिपोर्टमध्ये फट किती मिलिमीटर आहे ते लिहून मागा. फट २५ मिलिमीटरच्या पुढे असेल तर मागचे एसआय सांधेही दुखावले असण्याची शक्यता मोठी असते, आणि ती केस अस्थिरोगतज्ज्ञांनी पाहायलाच हवी. पण आकडा आणि वेदना यांचं गणित नेहमी जुळत नाही. १२ मिलिमीटरवर उभं न राहता येणारी बाई मी पाहिली आहे. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून "काही नाही" असं कुणी म्हणालं तरी दुखणं खोटं ठरत नाही.

आपल्याकडे आणखी तीन गोष्टी विचारायलाच हव्यात. पहिली, ड जीवनसत्त्व. ते फार कमी झालं की हाडं मऊ पडतात, मांड्या-कुल्हे दुखतात आणि चाल बदकासारखी होते. हे चित्र सांध्याच्या दुखापतीसारखंच दिसतं. रक्त तपासून घ्या. दुसरी, एकाच बाजूचा एसआय सांधा दिवसेंदिवस जास्त दुखत असेल, संध्याकाळी बारीक ताप आणि वजन घटणं असेल तर सांध्याचा क्षयरोग नाही ना, हे पाहायला सांगा. तिसरी, सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तासाहून जास्त आखडलेली राहते आणि हालचाल केल्यावर बरी वाटते का? तसं असेल तर तो सांध्यांच्या दाहाचा आजार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

वेदनाशामकं घ्यायला घाबरू नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात. डोस डॉक्टर ठरवतील. रक्तदाब वाढला होता, मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास आहे, दमा आहे, तर आयब्युप्रोफेनच्या गटातली गोळी विचारल्याशिवाय नको. कोडीन आणि ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्या पाजताना टाळायच्या. दुकानातून आणलेल्या पाकिटावर ही नावं आहेत का, ते बघा. गोळी कळ असह्य झाल्यावर घेण्यापेक्षा पहिले काही दिवस वेळेवर घेतली की चालणं-फिरणं लवकर सुरू होतं.

खर्चाची काळजी असेल तर एवढं लक्षात ठेवा: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना बाळाचं वजन दाखवताना आपलं दुखणंही सांगा. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर त्यांच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात.

## टप्पा ४: पट्टा, नेमक्या जागी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

पोट आत जावं म्हणून बांधतात तो पट्टा वेगळा आणि हा वेगळा. पोटावर घट्ट बांधलेलं फडकं किंवा पट्टा सांध्याला आधार देत नाही. उलट पोटातला दाब खाली ढकलतो, आणि नुकत्याच ताणलेल्या योनीमार्गाच्या स्नायूंवर तो भार येतो. सिझेरियननंतर टाक्यांसाठी दिलेला सैलसर पोटपट्टा असेल तो वापरा, पण त्याने सांध्याचं काम झालं असं समजू नका.

१. जागा शोधा. उभं राहून तळहात मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पँटचा खिसा असतो तिथे ठेवा. टाच टेकलेली ठेवून पाऊल आत-बाहेर फिरवा. तळहाताखाली जे टणक हाड फिरतं, तो खुब्याचा उंचवटा. पट्टा त्या उंचवट्यांवरून जायला हवा, म्हणजे पुढून जांघेच्या हाडावरून आणि मागून कुल्ह्यांच्या फुगीर भागावरून. कमरेवरून नाही. उभं राहता येत नसेल तर दुसऱ्या कुणीतरी झोपलेल्या स्थितीत हे हाड शोधायचं.
२. पट्टा झोपून बांधा. उभ्याने बांधला तर सांधा उघडलेल्या अवस्थेतच बांधला जातो. उताणं, गुडघे वाकवून, गुडघ्यांत उशी.
३. आतून पातळ सुती कापड हवंच, नाहीतर घामोळं आणि चट्टे येतात.
४. दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी सारखी ओढा. एकाच बाजूने ओढला तर कडं तिरकं आवळलं जातं.
५. घट्टपणा असा की बोटं सरकवता यावीत. श्वास अडकता कामा नये, पायाला मुंग्या येता कामा नयेत.

तपासणी: पट्टा बांधून पाय उचलण्याची चाचणी पुन्हा करा. गुण कमी झाले, जागा बरोबर. तेवढेच राहिले तर पट्टा वर सरकलाय. वाढले तर जास्त आवळलाय.

पट्टा लगेच मिळाला नाही तर मऊ सुती साडीची चार-पाच बोटं रुंद घडी करून त्याच जागी बांधता येते. गाठ पुढच्या हाडावर न येता बाजूला यावी. नुसतं दुखणं असेल तर पट्टा उभं राहताना आणि चालताना वापरायचा, आडवं झाल्यावर काढायचा. सांधा उकललेला असेल तर रात्रीही ठेवायचा का आणि किती आठवडे, हे तुमचे डॉक्टर सांगतील. महिनोन्महिने फक्त पट्ट्यावर राहिलं तर स्नायू आळसावतात; टप्पा ६ त्यासाठी आहे.

## टप्पा ५: उठणं, बसणं, पाजणं, न्हाणं

सूत्र एकच: दोन्ही गुडघे एकत्र, आणि एका वेळी एकाच पायावर भार नको.

पलंगावरून उठताना. एकेक गुडघा वाकवा, दोन्ही गुडघे चिकटवा, मध्ये उशी दाबा. खांदे, कुल्हे, गुडघे एकदम एकाच बाजूला वळवा. दोन्ही पाय एकत्र पलंगाखाली सोडा आणि हातांनी रेटा देऊन बसा. सरळ उताण्यावरून मान उचलून उठायचं नाही. गादी जमिनीवर असेल तर पहिले काही आठवडे ती पलंगावर किंवा दिवाणावर हलवा.

झोपताना. कुशीवर, गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पुरेल एवढी उशी मध्ये. छोटी उशी फक्त गुडघ्यांत ठेवली तर पाऊल खाली लोंबतं आणि मागचा सांधा पिळला जातो.

पाजताना. मांडी घालून पाजायचं नाही. हे ऐकवत नाही अनेक आज्यांना, पण मांडीत दोन्ही मांड्या बाहेर उघडतात आणि दिवसातून दहा-बारा वेळा सांधा ताणला जातो. पाठीला टेकू असलेली खुर्ची, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, बाळ उशीवर. रात्री कुशीवर झोपून पाजा.

संडास. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवं बसणं सध्या बंद. कमोड नसेल तर औषधांच्या दुकानात भोक असलेली कमोड खुर्ची मिळते. कुंथायला लागू नये म्हणून पाणी, ताक, भाज्या, आणि रात्री डॉक्टरांना विचारून इसबगोल. नुसत्या डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांवर बाळंतपण काढलं की पोट साफ होत नाही आणि प्रत्येक जोर माकडहाडावर बसतो.

न्हाणं. पाटावर नाही, स्टुलावर किंवा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. पायावर बाळ घेऊन न्हाऊ घालायचं काम तूर्त दुसऱ्या कुणाचं.

कपडे. सलवार, अंतर्वस्त्रं बसून घाला. परकर डोक्यावरून.

जिना. एका वेळी एक पायरी. चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी. दोन्ही बाजू सारख्याच दुखत असतील तर पायरीवर बसून बसून सरका. माहेरचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, तर दवाखान्यातून तिथे जाण्याचा विचार पुन्हा करा; तळमजल्यावर राहणारी मावशीही चालेल.

गाडी. आधी पाठ करून सीटवर बसा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवली की वळणं सोपं जातं. दुचाकी नको. दोन्हीकडे पाय टाकून बसणं नको आणि एका बाजूला बसणं तर त्याहून नको.

बाळ उचलताना छातीशी मधोमध धरा. कडेवर घेतलं की एक कुल्हा बाहेर जातो आणि भार एकाच सांध्यावर येतो. बसल्या जागी पायाने पाळण्याची दोरी ओढणं हेही तसंच.

चालायला फार त्रास होत असेल तर वॉकर भाड्याने आणा. वॉकर घेऊन दिवसातून आठ वेळा थोडं थोडं चालणारी बाई, सव्वा महिना पडून राहणाऱ्या बाईपेक्षा सुखरूप असते. पूर्ण पडून राहायचं नाही. पडल्या पडल्याही तासातासाला घोट्यातून पावलं वर-खाली वीस वेळा हलवा.

### मालिश आणि शेक

मालिश बंद करा असं मी म्हणत नाही. पाठ, खांदे, हात, पावलं यांना तेल लावून हलक्या हाताने चोळल्याने बाळंतिणीला बरं वाटतं, झोप लागते. पण मालिशवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी चार गोष्टी स्पष्ट सांगा: "मावशी, पाय फाकवायचे नाहीत. गुडघा छातीकडे दाबायचा नाही. कमरेवर पाय द्यायचा नाही. आणि हाड बसवायला झटका द्यायचा नाही." उकललेला सांधा झटक्याने बसत नाही, तो आधाराने आणि वेळेने जवळ येतो. पोटरी दुखत किंवा सुजलेली असेल तर तिला हातच लावू नये.

पुढच्या हाडावर ताजी सूज असेल तर पहिले दोन-तीन दिवस शेक नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मागच्या दुखण्यावर कोमट पाण्याची पिशवी चालते. बाजेखाली शेगडी ठेवून खोली बंद करायची नाही. कोळशाच्या धुरातला विषारी वायू आईला आणि बाळाला झोपेतच बेशुद्ध करू शकतो.

## टप्पा ६: व्यायाम, आठवड्यांवर नव्हे, गुणांवर

फट २५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर पुढच्यातला फक्त 'अ' भाग घरी करा, बाकी फिजिओथेरपिस्टसमोर.

अ. पहिल्या दिवसांपासून. कुशीवर किंवा उताणं, गुडघे वाकवून. श्वास सोडताना लघवी अडवतो तसे खालचे स्नायू आत-वर ओढा, बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्या, ५ सेकंद धरा, सोडा. ८ ते १० वेळा, दिवसातून तिनदा. श्वास रोखायचा नाही. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करायचा नाही.

आ. पाय उचलण्याचा गुण २ किंवा खाली आला की. गुडघ्यांत उशी ठेवून हलकेच दाबा, ५ सेकंद, १० वेळा. निम्मी ताकद पुरे. कुल्ह्यांचे स्नायू आवळा आणि सोडा, १० वेळा. टाच गादीवरून घसरत एक पाय सरळ करा आणि परत आणा. हे आठवडाभर जमलं की उशी दाबून धरून कुल्हे चार बोटं वर उचला.

इ. गुण ० किंवा १, आणि घरात पट्ट्याशिवाय चालता येतं तेव्हा. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, १० वेळा. हात-गुडघ्यांवर येऊन एक पाय मागे सरकवणं. भिंतीला हात लावून भार या पायावरून त्या पायावर नेणं, आणि शेवटी एका पायावर १० सेकंद उभं राहणं.

तपासणी: व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरायला हवं. उतरलं नाही तर मात्रा निम्मी करा, व्यायाम बंद करू नका.

इथे होणारी चूक: गरोदरपणी शिकवलेलं फुलपाखरू आसन आणि मलासन बाळंतपणानंतर लगेच सुरू करणं. दोन्हींत पुढचा सांधा उघडतो. सूर्यनमस्कारातला एक पाय लांब मागे टाकण्याचा भागही तसाच. 'इ' पूर्ण आणि वेदनारहित झाल्याशिवाय यांतलं काही नको. पोट कमी करण्यासाठी दोन्ही पाय एकदम उचलण्याचे व्यायाम तर नकोच.

## टप्पा ७: कामावर आणि जमिनीवर परत

आधी चालण्याचं अंतर वाढवा, मग वजन, मग एकाच पायावरच्या हालचाली, आणि शेवटी खाली बसणं. फरशी पुसणं, कपड्यांची बादली उचलणं, भरलेला कुकर खाली ठेवणं ही कामं जिममधल्या व्यायामाइतकीच जड आहेत. सुनेला "आता चालतेस ना, मग काय?" असं विचारलं जातं ते इथेच. चालणं आणि वाकून पिळलेल्या कपड्यांची बादली उचलणं यांत काही आठवड्यांचं अंतर आहे.

नोकरी करणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावं: मातृत्व लाभाच्या तरतुदींत २६ आठवड्यांच्या रजेशिवाय, प्रसूतीमुळे झालेल्या आजारपणासाठी आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मागता येते. वैद्यकीय दाखला लागतो, म्हणून सुरुवातीपासूनचे कागद जपून ठेवा.

## माकडहाडाचं वेगळं आहे

पट्ट्याचा इथे उपयोग नाही. मधोमध भोक असलेली गोल रबरी उशी सगळे आणतात, पण तिच्यात माकडहाड पुन्हा कडेवर टेकू शकतं. मागच्या बाजूला खाच कापलेली, पाचराच्या आकाराची उशी घ्या म्हणजे टोक अधांतरी राहतं. बसताना किंचित पुढे झुका, अर्ध्या तासाने उठा. उठताना आधी पुढे वाकून मग उभं राहा. संडास मऊ ठेवणं हा इथे अर्धा उपचार आहे. दोन-तीन महिन्यांत उतार नसेल तर बसलेल्या स्थितीतला एक्स-रे, आतून हाताने केलेली फिजिओथेरपी आणि इंजेक्शन हे पुढचे पर्याय. हाड काढण्याची शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

## किती दिवसांनी काळजी करायची

बहुतेक बायकांचं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत बरंच उतरतं. सांधा उकललेला असेल तर काही महिने लागू शकतात. वहीतले गुण दोन आठवडे जागचे हलले नाहीत तर पट्ट्याची जागा आणि मालिश आधी तपासा. सहा आठवड्यांनी काहीच फरक नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञ. मागच्या कुल्ह्यात खोल, एका जागी दुखतं आणि पाय टेकवताच वाढतं, तर त्रिकास्थीला, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडाला, बारीक चीर असू शकते. ती साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो. फट ४ सेंटिमीटरच्या आसपास किंवा पुढे असेल, किंवा आधार देऊनही सांधा हलतच राहिला, तर प्लेट-स्क्रू लावून तो बसवण्याचा विचार होतो. अशा बायका थोड्या असतात.

## पुढच्या बाळंतपणाआधी

पुन्हा दिवस राहणं वर्ज्य नाही, आणि बहुतेकींची प्रसूती नैसर्गिक होऊ शकते. सांधा फार उकलला होता किंवा शस्त्रक्रिया झाली होती, तर सिझेरियनचा विचार डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. पहिल्याच तपासणीला मागचा एक्स-रे दाखवा. आठव्या-नवव्या महिन्यात उताणं झोपून, गुडघे वाकवून, न दुखता गुडघे किती उघडतात ते टेपने मोजा आणि ते अंतर सेंटिमीटरमध्ये फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. लेबर रूममध्ये पाय धरणाऱ्या सिस्टरला ते अंतर माहीत असायला हवं, आणि कुशीवर झोपून कळा देता येतील का हेही आधीच विचारून ठेवायला हवं. कळा सुरू झाल्यावर हे सांगायचं भान राहत नाही, म्हणून सोबत जाणाऱ्या बाईला ते पान आधी दाखवून ठेवा.